ब्युरो म्हणतो "आम्ही फक्त मध्यस्थ", आणि बाबांना झाला बेडसोर

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "बाबा ७६ वर्षांचे, पॅरालिसिसनंतर अंथरुणाला खिळलेत. घरी पेशंटची देखभाल करायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून २४ तासांची बाई घेतली, महिना २७,००० आणि डिपॉझिट १५,०००. व्हॉट्सअॅपवर 'ट्रेन्ड नर्स पाठवतो' असं लिहिलं होतं. चार महिन्यांत तीन बायका बदलल्या आणि बाबांना कमरेखाली खोल बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) झालाय. आता सर्व्हिस बंद केली तर म्हणतात आम्ही फक्त मध्यस्थ, डिपॉझिट मिळणार नाही. सर्व्हिस खराब होती हे सिद्ध कसं करू? शेवटच्या मावशीवर पोलीस केस करू का?"

ताई, आधी बाबांची जखम. ड्रेसिंग शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी ड्रेसिंगच्या आधी जखमेचा फोटो काढा, बाजूला एक छोटी मोजपट्टी ठेवून, म्हणजे मापही दिसेल. डॉक्टरांनाही कामाला येतो आणि केसलाही. फक्त जखमेचाच काढा, चेहरा नको, आणि फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, बाबांना बोलता येत नसलं तरी लाज त्यांनाही आहे.

आता मुद्दा. तक्रारीत नुसतं "सर्व्हिस खराब होती" लिहून काही होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे आणि तिचा साधा अर्थ असा की जे कबूल केलं होतं किंवा कायद्याने जे अपेक्षित आहे त्यापेक्षा काम कमी पडलं, निष्काळजीपणा झाला, किंवा महत्त्वाची माहिती दडवली. म्हणजे दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्यात, काय ठरलं होतं आणि काय मिळालं.

काय ठरलं होतं हे कुठे सापडेल? ब्युरोच्या फॉर्ममध्ये, व्हॉट्सअॅप चॅटमध्ये, आणि सगळ्यात मोठं म्हणजे हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर, जे लोक फाईलमध्ये टाकून विसरून जातात. त्यावर दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलंय का बघा, आणि घरी सोडताना कातडी शाबूत होती अशी नोंद आहे का तेही बघा. असेल तर जखम घरी आल्यावर झाली हे तिथेच ठरतं. नसेल तर हॉस्पिटलकडे इनडोअर केस पेपरच्या (दाखल असतानाच्या उपचारांच्या कागदपत्रांच्या) कॉपीसाठी लेखी अर्ज करा, नर्सिंगच्या नोंदी त्यात असतात.

ब्युरोचा वकील म्हणणार की बेडसोर कितीही काळजी घेतली तरी होतो, आणि ते पूर्ण खोटं नाही, काही पेशंटला खरंच होतो. म्हणून आत्ता जे डॉक्टर बघतायत त्यांच्याकडून लेखी घ्या की जखम कुठल्या स्टेजची आहे, अंदाजे किती दिवसांची आहे आणि वेळेवर कूस बदलली असती तर टळली असती का. आणि एक प्रश्न तुम्हालाही विचारतील, एअर बेड आणला होता का, बाई बदलली तेव्हा नव्या बाईला सगळं समजावून कोणी सांगितलं? खरं उत्तर आत्ताच तयार ठेवा, लपवलं तर नंतर तेच अंगावर येतं.

"ट्रेन्ड नर्स" हा मुद्दा मला सगळ्यात पक्का वाटतो. नर्स म्हणजे एएनएम किंवा जीएनएम वगैरे नर्सिंगचा कोर्स केलेली आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली व्यक्ती. तिन्ही बायकांची नावं, शिक्षण आणि नोंदणी नंबर ब्युरोकडे लेखी मागा. बहुतेक वेळा उत्तर येतच नाही, आणि ते न येणंही तुमच्या उपयोगाचं आहे, कारण नर्स सांगून अटेंडंट पाठवणं ही सेवेच्या दर्जाबद्दल केलेली दिशाभूल आहे, जखम झाली नसती तरी.

आता "आम्ही फक्त मध्यस्थ". हे ब्युरोवाले छापूनच ठेवतात, पण छापल्याने खरं होत नाही. पैसे कोणाच्या खात्यात गेले? रेट कोणी ठरवला? बदली बाई कोणी पाठवली? तिन्हीचं उत्तर ब्युरो असेल तर सेवा ब्युरोची. मात्र पैसे थेट मावशीच्या हातात देत असाल आणि ब्युरोने एकदाच कमिशन घेतलं असेल तर केस बरीच कमजोर होते, कारण आपण स्वतः पगारावर ठेवलेल्या माणसाचं काम हा वैयक्तिक सेवेचा करार धरला जातो आणि तो ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या डॉक्टरांच्या केसमध्ये हाच फरक समजावून सांगितलाय. म्हणून बँक स्टेटमेंट आजच काढा.

मावशीवर पोलीस केस? भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ आहे, असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून जाणूनबुजून ती न करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा अदखलपात्र, पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून पाठवतील, आणि "जाणूनबुजून" सिद्ध करणं अवघड. खरं सांगू का, मला ते योग्यही वाटत नाही. एकटी बाई २४ तास, रात्री दर दोन तासांनी उठायचं, दिवसा परत काम, तिने झोपायचं कधी? हे वेळापत्रक ब्युरोने विकलं. तिने मारहाण किंवा उपासमार केली असती तर मी वेगळं बोललो असतो. तिला आरोपी करण्यापेक्षा साक्षीदार करा. शांतपणे विचारा, ट्रेनिंग काय दिलं होतं आणि २७,००० मधले तिच्या हातात किती पडायचे. ब्युरो तिला पगार देत होता असं तिने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की मध्यस्थवाली गोष्ट संपली.

पुढचं काम फार किचकट नाही. ब्युरोला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या, डिपॉझिट, फीचा परतावा, औषधोपचाराचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई, सगळं आकड्यात मागा. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, कधीकधी डिपॉझिट तेवढ्यावरच परत येतं. नाहीच आलं तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग, कारण तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे त्यामुळे फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही. पैसे तुम्ही दिलेत आणि सेवा बाबांसाठी होती, म्हणून दोघांचीही नावं तक्रारदार म्हणून घाला. मुदत दोन वर्षांची आहे, पण तितकं थांबू नका, मावश्या नंबर बदलतात.

नवीन ब्युरो लावणार असाल तर पहिल्याच दिवशी पलंगाशेजारी एक वही लटकवा, कूस कधी बदलली, लघवी किती झाली, काय भरवलं, कातडी कशी दिसतेय, वेळ टाकून मावशीची सही. आणि अंघोळीच्या वेळी आठवड्यातून दोनदा तरी पाठ, टाचा आणि कमरेखालचा भाग स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ते व्हॉट्सअॅप चॅट मात्र आज रात्रीच एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं तेव्हा मूळ फोन हातात असलेला बरा. फॉर्मचा आणि डिस्चार्ज कार्डचा फोटो मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी बघून देतो.