अर्ध्या मिलिमीटरची चकती

स्मॉल पंच टेस्ट, म्हणजे धातूच्या छोट्या चकतीवर गोळा दाबत नेऊन तिची ताकद अजमावणं, पहिल्यांदाच करतोयस म्हणून सांगतो, मशीनपेक्षा जास्त वेळ चकतीला दे. व्यास ८ मिमी, जाडी ०.५ मिमी, आणि जाडीतला फरक ०.००५ मिमीच्या आतच हवा. कापताना धातू तापला किंवा दबला, तर तू पोलाद नाही, तुझं कापकाम मोजत बसशील. म्हणून चकती आधी जरा जाडच काप. मग पाणी सोडत दोन्ही बाजू सावकाश घास, शेवटचा हात १२०० नंबरच्या एमरी पेपरचा. मायक्रोमीटर चार-पाच ठिकाणी लाव. सुरुवातीला घाई करून मी कितीतरी चकत्या वाया घालवल्या, त्याची हळहळ अजून जात नाही.

ग्रेन साइज, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिककणांचा आकार, आधीच बघून ठेव. जाडीत दोन-तीनच ग्रेन मावत असतील, तर चाचणीतून येणाऱ्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

आणि चाचणीच्या आलेखातला सर्वोच्च भार म्हणजे टेन्साइल स्ट्रेंथ (ओढल्यावर तुटण्याआधी धातू सोसतो तो सर्वाधिक ताण) नव्हे! २.५ मिमीचा गोळा चकतीला सगळ्या बाजूंनी ताणतो. भारावरून टेन्साइल स्ट्रेंथ काढायच्या सूत्रातले गुणांक प्रयोगांवरून बसवलेले असतात. त्याच पोलादाचा नेहमीचा टेन्साइल नमुना मिळाला तर ताडून पाहाच. अणुभट्टीतल्या पोलादाचा एवढासाच तुकडा हाती येतो, तिथे दुसरा मागायची सोय नसते.