बर्फावर उड्या मारणारे किडे

प्रश्न: ताई, आम्ही फिनलंडला एस्पोमध्ये राहतो. फेब्रुवारीत लेकीला घेऊन नूक्सिओच्या जंगलात गेलो होतो, सगळीकडे बर्फ आणि त्यावर बारीक काळसर किडे चक्क टुणटुण उड्या मारत होते! लेक म्हणते पिसवा आहेत. एवढ्या थंडीत हे खातात तरी काय? फोटो ब्लर आलाय, सॉरी.

उत्तर: ब्लर आहे खरा, पण खाली वळलेली चोच दिसतेय ना, मग झालं काम. चोच, लांब मिशा, जेमतेम चार मिलिमीटरचं अंग, म्हणजे हा बोरियस नावाचा किडा. पिसवा नाहीत, पण लेकीचा अंदाज अगदीच वाया नाही हं, डीएनए बघितल्यावर पिसवा याच्याच भाऊबंदांतल्या निघाल्यात.

खातात मॉस, म्हणजे शेवाळासारखी मऊ हिरवी वनस्पती. मोठे पण तेच खातात आणि अळ्या पण, अळी मॉसच्या बुडाशी बसून खात असते आणि मोठं व्हायला साधारण दोन वर्षं घेते, मग ऐन थंडीच्या तोंडावर किडा बाहेर पडतो. नराला उडायचे पंख नाहीत, नुसते वाकडे काटे उरलेत, त्यांनी मादीला धरून पाठीवर घेऊन हिंडतो.

बर्फावर स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीवही उड्या मारतात, पण ते एक-दोन मिलिमीटरचे आणि काजळी सांडल्यासारखे ढिगाने असतात. लांब पायांची, बिनपंखी, उडी न मारणारी दिसली तर ती कायोनिया माशी. आता तुमचा बोरियस हायमॅलिस जातीचा की वेस्टवूडी जातीचा, हे नराचं शेपटाकडचं टोक मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही, फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उन्हाळ्यात अजून मजा आहे. मॉस पांढऱ्या ट्रेवर झटकलं की कधीकधी एखादी काळपट गोळी पडते, माती समजून फेकू नका, पाच-दहा मिनिटं थांबा, पाय बाहेर आले तर बिरस भुंगेरा, तोही मॉसच खातो. आणि दलदलीतलं पाण्याखालचं मॉस बशीत घेतलं तर फॅलॅक्रोसेरा नावाच्या लांबटांग्या माशीची अळी मिळू शकते, अंगभर हिरवट-तपकिरी धागे, हलेपर्यंत मॉसचाच तुकडा वाटते, मी तर म्हणेन या सगळ्यांत भारी वेषांतर हिचंच.

फक्त नूक्सिओ नॅशनल पार्क आहे, तिथे फोटोच काढा. बाहेरच्या जंगलातही मॉस उपटायला जागामालकाची परवानगी लागते, बेरी-मशरूमसारखं ते फ्री नाही.