जानेवारीत सायकलने हिमाचलमधल्या स्पितीतल्या काझाला जाता येतं का?

येतं, पण मनालीकडून नाही. साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड हिवाळाभर बंद असते. शिमला–रामपूर–नाको–ताबो हा किन्नौरचा रस्ता बर्फ हटवून चालू ठेवतात. मोठी हिमवृष्टी झाली की तोही अडतो, त्यामुळे चार-पाच दिवस जादा हाताशी हवेतच.

थंडीपेक्षा घाम जास्त छळतो. चढावर अंग भिजतं आणि उतार लागला की त्याच ओल्या कपड्यांतून वारा शिरतो. म्हणून चढाआधीच जॅकेट काढायचं, थोडं कुडकुडतच निघायचं आणि माथ्यावर कोरडा बनियन चढवायचा. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घरीच ठेवा, धातू तळव्याची ऊब खेचून घेतो. साधे पेडल आणि जाड मोजे मावतील असे एक नंबर मोठे बूट बरे. पाण्याची बाटली उलटी अडकवा. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.

खरी भीती सतलजच्या घळीतल्या सावलीच्या वळणांची. तिथे डांबर नुसतं ओलं दिसतं, पण वर काचेसारखा बर्फ असतो. अशा जागी पुढचा ब्रेक नको, हँडल सरळ. खिळ्यांचा टायर एकच परवडत असेल तर पुढच्या चाकाला लावा. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं गेलं की आडवेच. स्टोव्ह न्यायचाच तर ब्यूटेनच्या डब्यांचा नको, कडाक्याच्या थंडीत तो नीट पेटत नाही. (मी तर होमस्टेच धरीन.) फोन आणि पॉवरबँक मात्र रात्री पांघरुणात.