वाचकांचे प्रश्न : लहान गावातला विमानतळ आणि हाताशी असलेले सहा तास

प्रश्न : पुढच्या महिन्याच्या प्रवासात आम्हा पतिपत्नींना एका लहान शहरात विमान बदलायचे आहे. सकाळी १० वाजता उतरू, पुढचे विमान दुपारी ४ वाजता आहे. मोठे शहर असते तर आम्ही नक्की हिंडलो असतो. येथे बाहेर पडण्यात काही अर्थ आहे का, की विमानतळावरच पुस्तक वाचत बसावे?

उत्तर : बाहेर जरूर पडावे, मात्र तिकिटावर दिसणारे सहा तास आपल्या हाती येत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. हिशेब नेहमी उलटा, म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे करावा. सामान देण्याची खिडकी साधारणपणे पाऊण ते एक तास आधी बंद होते, विमानात चढण्याचे दारही सुटण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बंद होते, आणि सुरक्षा तपासणीचा वेळ यात धरलेला नाही. त्यामुळे ४ च्या विमानासाठी अडीच वाजता परत यायचे, असे ठरवून टाकावे. उतरून बाहेर येईपर्यंत साडेदहा होतील. उरलेल्या चार तासांतून जाण्यायेण्याचा वेळ आणि अर्ध्या तासाची सवड वजा केली, तर प्रत्यक्ष हिंडायला जेमतेम तीन तास मिळतात. लहान शहरासाठी तेवढे पुरतात, कारण तेथे विमानतळापासून मुख्य वस्तीपर्यंतचा रस्ता बहुधा मोठ्या शहरांइतका वेळ खात नाही.

अंतर कमी ही जमेची बाजू. पण पर्यायही कमी, ही तेवढीच खरी अडचण. मोठ्या विमानतळावर एक विमान चुकले तर काही तासांत दुसरे मिळू शकते. लहान ठिकाणी पुढचे विमान दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतरही असू शकते. शिवाय उशीर आपल्यामुळे झालेला असल्याने विमान कंपनीवर त्याची जबाबदारी येत नाही, आणि एका तिकिटातला एक टप्पा चुकवला की परतीसह पुढचे सगळे टप्पे रद्द होण्याची शक्यता असते. टॅक्सीचेही तसेच आहे. विमान उतरते त्या वेळी दाराशी चार गाड्या दिसतात, पण दुपारी गावातून परत यायला एकही मिळेल याची खात्री नसते. म्हणून ज्या गाडीने जाल तिच्याच चालकाशी परतीची वेळ, जागा आणि भाडे पक्के करावे, त्याचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि उरलेले भाडे परत आल्यावरच द्यावे.

या तीन तासांत पाच ठिकाणे उरकण्याचा मोह मात्र टाळावा. एकच ठिकाण मनात धरावे, आणि तेही शक्यतो असे की जे बंद असण्याचा प्रश्नच येत नाही : नदीचा काठ, जुना बाजार, पायी हिंडता येईल अशी एखादी जुनी वस्ती. संग्रहालय पाहायचेच असेल तर साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची बंद वेळ आधी विचारून घ्यावी. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. जे लांब आहे ते आधी आणि विमानतळाच्या वाटेवरचे नंतर पाहावे, म्हणजे वेळ कमी पडला तरी आपण परतीच्याच दिशेने असतो. माझ्या मते अशा गावात सर्वांत मोलाचे असते ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे, तर कोणतीही घाई नसलेली तासाभराची पायपीट.

बाहेर पडताना आणखी एक गोष्ट दाराशीच विचारून घ्यावी. दिवसाला दोन-तीनच विमाने असलेल्या ठिकाणी तपासणी आणि खिडक्या विमानाच्या वेळेपुरत्याच उघडतात. फार लवकर परतल्यास प्रवाशाला बाहेरच ताटकळावे लागते.

प्रश्न : या काळात सामानाचे काय करावे? दोन्ही विमानांची तिकिटे आम्ही वेगवेगळी काढली आहेत.

उत्तर : तिकिटे वेगळी असल्यास सामान बहुधा मधल्या ठिकाणीच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. पहिल्या खिडकीवर सामानाला लावलेल्या चिठ्ठीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण आहे की मधल्याची, हे तेथेच पाहावे. लहान विमानतळांवर सामान ठेवण्याची सोय क्वचितच असते, त्यामुळे पुढच्या विमान कंपनीला सामान लवकर स्वीकाराल का, असे आधीच विचारावे. नकार मिळाला तर चाकांची पेटी ओढत गावभर हिंडण्यापेक्षा कोणी एकाने सामानापाशी बसावे आणि दुसऱ्याने जाऊन यावे, हेच बरे. औषधे, पासपोर्ट आणि मोबाइलची पॉवर बँक हातातल्या पिशवीतच असू द्यावी. पॉवर बँक खिडकीवर द्यायच्या सामानात टाकण्यास मनाईच आहे. गावात काही खरेदी केलीत, तर तीही पुन्हा तपासणीतून जाणार आहे हे विसरू नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली अनेक विमानतळांवर अजूनही काढून घेतात.

प्रश्न : मधला थांबा परदेशात असेल तर व्हिसा लागतो का?

उत्तर : विमानतळाबाहेर पाऊल टाकणे म्हणजे त्या देशात प्रवेश करणे. आपल्या पासपोर्टवर त्या देशात व्हिसा लागत असेल, तर तीन तासांच्या फेरफटक्यालाही तो लागतोच. केवळ विमान बदलण्यासाठी मिळालेली परवानगी त्यासाठी पुरेशी ठरेलच असे नाही. काही लहान विमानतळांवर स्वतंत्र ट्रान्झिट कक्षच, म्हणजे देशात प्रवेश न करता पुढच्या विमानाची वाट पाहण्याची जागाच, नसते. अमेरिकेत तर विमान बदलण्यापुरते उतरलेल्या प्रवाशालाही प्रवेशाची सगळी प्रक्रिया पार पाडावी लागते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच त्या देशाच्या दूतावासाचे नियम वाचावेत. आणि तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. घड्याळ उतरल्याबरोबर बदलावे.

प्रश्न : माझ्यासोबत वयस्कर आई आहे आणि थांबा फक्त दोन तासांचा आहे.

उत्तर : मग बाहेर पडूच नये. लहान विमानतळांवर विमानाला थेट जोडणारा पूल बहुधा नसतो, शिडीने उतरून धावपट्टीलगत चालावे लागते. त्यामुळे चाकांच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी आणि उतरण्यासाठी शिडीऐवजी उतरत्या मार्गाची (रॅम्पची) किंवा खुर्चीसह खाली आणणाऱ्या उचलगाडीची सोय होईल का, हेही तेव्हाच विचारावे. बसायला जागा मिळाली की थांबलेला वेळही चांगला जातो, कारण अशा ठिकाणी धावपट्टी खिडकीतून अगदी जवळ दिसते. कॅनडातल्या गँडर या लहान गावाच्या विमानतळावर १९५९ साली मोठे भित्तिचित्र असलेला प्रतीक्षाकक्ष उघडला, तो अटलांटिक ओलांडणारी विमाने तेथे इंधन भरायला उतरत आणि प्रवाशांना तेवढा वेळ कुठेतरी बसवावे लागे म्हणूनच. आपल्या वाट्याला तसे चित्र येईलच असे नाही. आईंना मात्र खिडकीजवळची खुर्ची आधी मिळवून द्यावी.