आयरिश लोकगीतासाठी क्रँकी करायची आहे, चित्रपट्टी किती लांब घेऊ?

क्रँकी म्हणजे खोक्यातल्या दोन दांड्यांवर गुंडाळलेलं, हँडलने सरकवायचं चित्र. ४ मिनिटांच्या गाण्याला साधारण ५ मीटर मांजरपाट पुरतो, सेकंदाला २ सेंटिमीटर सरकवलं तर. शान-नोस या जुन्या आयरिश गायकीतलं गाणं असेल तर मात्र हा हिशेब विसरा. त्यात साथ नसते, ठराविक ठेका नसतो. गाणारा स्वरावर रेंगाळला की तुमचा हातही थांबला पाहिजे.

ओळीगणिक चित्र काढू नका, गर्दी होते. राफ्टरी या अंध कवीचं १८२८ मधल्या लॉक कोरिब सरोवरातल्या होडी दुर्घटनेवरचं गाणं घ्या. गॉलवेच्या जत्रेला निघालेल्या जुनाट होडीत माणसांसोबत मेंढ्याही होत्या. एकीचा पाय तळातून आरपार गेला म्हणतात. मी ती मेंढी आणि होडी रंगवेन, पुढे दीड-दोन मीटर नुसतं करडं पाणी. बुडालेल्यांची नावं येतात तेव्हा तेच सरकू द्यावं.

रंग पातळ ठेवा. जाड ॲक्रिलिक गुंडाळताना तडकतं, वर एकमेकांना चिकटतं. मागून दिवा लावणार असाल तर होडी काळ्या कागदातून कापून डकवा, कडा छान उठून दिसतात.