फोंड्यात नवीन आहे, दाढ ठणकतेय. रूट कॅनल करू की काढून टाकू? आणि जाऊ कुठे?

शेजारीपाजारी 'काढून टाक, मोकळी हो' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात काढू नका. थंड लागून क्षणभर कळ येते नि जाते, तोवर बहुतेकदा सिमेंट भरून भागतं. गरम चहाने उठलेली कळ बराच वेळ राहते, आडवं झालं की ठणका वाढतो, तर कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडल्याची शक्यता जास्त. तरी एक्स-रे पाहिल्याशिवाय कुणाचंच ऐकू नका, माझंही.

वेळ काढता येत असेल तर पणजीजवळच्या बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज गाठा, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) परिसरातच आहे. सरकारी आहे, खर्च खासगीच्या मानाने पुष्कळ कमी. सकाळी लवकर जा. आधी केसपेपर, मग तपासणी नि एक्स-रे, मग ज्या त्या विभागात पाठवतात: नसेचं काम एकीकडे, हिरड्यांचं दुसरीकडे, कॅप-कवळीचं तिसरीकडे. काम बरेचदा शिकाऊ डॉक्टर करतात, पण वर शिक्षक असतात. आमच्या आईची दाढ तिथेच झाली. खेपा घालून ती वैतागली, पण कामाबद्दल तक्रार नाही. रजा मिळत नसेल तर फोंड्यातच खासगी दवाखाना बघा. दाढेच्या रूट कॅनलला एमडीएस (एंडोडोंटिक्स), म्हणजे नसेच्या कामातले तज्ज्ञ डॉक्टर आहेत का, एवढं फोनवर विचारा. डॉक्टरची नोंदणी गोवा राज्य दंत परिषदेकडे असते.

रूट कॅनलचा बाऊ उगाच झालाय. बधिर केल्यावर दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे थुंकी आत जात नाही. मग केसासारख्या बारीक फाइल्स (कानशीसारख्या सुया) घेऊन दाढेच्या मुळातली एकेक नळी साफ करतात. त्यांच्या मुठी पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या, निळ्या असतात. रंग जाडीप्रमाणे ठरलेला. खालच्या दाढेत सहसा तीन नळ्या, कधी चार. त्या धुऊन गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरून बंद करतात. लोक चुकतात ते इथे: ठणका थांबला की कॅपला जातच नाहीत. दाढ आतून पोखरलेली असते, चणे-फुटाणे खाताना उभी चिरली तर शेवटी काढावीच लागते. म्हणून खर्च विचारताना कॅपसकट विचारा. मागच्या दाढेला धातूची कॅपही चालते, कुणाला दिसतेय?

काढलीत तर ती जागा रिकामी राहत नाही. शेजारची दाढ कलते, वरची खाली उतरू लागते. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला नकली दात; त्यासाठी ते चांगले दात घासायचे. नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू नि त्यावर दात; तो हाडात मुरायला काही महिने. अक्कलदाढ असेल तर गोष्ट वेगळी, ती बिनधास्त काढतात.

 

तोवर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, कातडी भाजते. उरलेल्या अँटिबायोटिक मनाने घेऊ नका, त्याने कीड जात नाही. मधुमेह किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जा.