गावालगतच्या पडीक सरकारी जमिनीवर लेआउट पाडायचा की चराई ठेवायची? भंडारा जिल्ह्यातलं गाव आहे. ठरवायचं कशावरून?

“पडीक” हा शब्द आधी बाजूला ठेवा. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा काढा, निस्तार पत्रकही बघा. चराई, सरपण, मसणवट, रस्ता यांचे गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात. सातबाऱ्यावर “झुडपी जंगल” असेल तर प्रश्न मिटलाच म्हणा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या या जमिनी वनच धरल्या आहेत, त्यामुळे केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे बांधकाम होत नाही. सरपंचांनी तोंडी “होऊन जाईल” म्हटलं तरी.

तशी नोंद नसेल, तर पाणी कुठून कुठे जातं ते बघा. आपल्याकडे हाच खरा मुद्दा. जोराचा पाऊस पडून गेला की जमिनीवर चक्कर मारा. उतार मामा तलावाकडे (जुन्या माजी मालगुजारी तलावाकडे) किंवा बोडीकडे, म्हणजे शेततळ्यासारख्या लहान तलावाकडे असेल, तर ती जमीन म्हणजे तलावाचा येवा, तिथूनच तलावात पाणी येतं. तिथे मुरूम टाकून प्लॉट पाडले की पाणी वळतं, तलाव अर्धा भरतो आणि खालच्या धानाला शेवटचं पाणी मिळत नाही. नाल्याच्या काठचा पट्टाही मोकळाच ठेवा.

घरं हवीतच, तर गावठाणाला लागून, उंचवट्याच्या मुरमाड जागेवर घ्या. काळी कन्हार जमीन फुगते-आकसते, भिंतींना तडे जातात.

आणि ग्रामसभेत गुराख्यांना बोलवा. गुरं दुसरीकडे कुठे नेणार, हे त्यांनाच विचारा.